समोरून येणाऱ्याचे डोळे: पिकअपवरच्या जादा दिव्यांची गोष्ट

आजच्या भागात बरेच आकडे आहेत आणि ऐकताना ते निसटतात, म्हणून हा पूर्ण मजकूर इथे देतोय. विषय आहे गाडीला वरून लावलेले दिवे. तेच, जे रात्री समोरून आले की आपण मनातल्या मनात चार शब्द बोलतो.

सुरुवात एका सिनेमापासून करू. १९८५ चा ‘बॅक टू द फ्युचर’ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. टाइम मशीनवाली डीलोरियन सगळ्यांना आठवते. पण त्या पोराला, म्हणजे मार्टीला, खरी हवी असते ती काळी टोयोटा पिकअप. तिच्या रोल बारवर गोल दिव्यांची ओळ आहे. ते दिवे केसी हायलाइट्स नावाच्या अमेरिकन कंपनीचे. या कंपनीच्या दिव्यांवर पिवळी झाकणं येतात, त्यावर हसरा चेहरा असतो. आता प्रश्न असा की दिवा विकत घ्यायचा आणि वर झाकण लावायचं, हे कशासाठी? याचं उत्तर मिळायला आपल्याला सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

पाणी टाका, उजेड घ्या

पहिल्या मोटारींना रॉकेलचे कंदील होते. त्यांचा उपयोग रस्ता दिसण्यापेक्षा ‘मी येतोय’ हे सांगायला जास्त. मग आलं ॲसिटिलीन. १८९२ मध्ये थॉमस विल्सन हा माणूस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रे गावी विजेच्या भट्टीत वेगळाच धातू मिळवायच्या खटपटीत होता. हाताला लागलं कॅल्शियम कार्बाइड. हो, तेच कार्बाइड, ज्यानं आंबे पिकवले म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात छाप्यांच्या बातम्या येतात. त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो पेटवला की झगझगीत पांढरी ज्योत मिळते.

मोटारीवर मग एक डबा बसला. वर पाणी, खाली कार्बाइड, मधून थेंब-थेंब. ड्रायव्हरनं खाली उतरायचं, पाणी सोडायचं, काडी ओढायची. पाऊस-वारा असेल तर पुन्हा काडी. १९०४ मध्ये इंडियानापोलिसला कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी यातून धंदा काढला. ॲसिटिलीन सिलिंडरमध्ये भरून विकायचं. कंपनीचं नाव प्रेस्ट-ओ-लाइट. हा वायू नुसता दाबून भरला तर स्वतःच फुटतो, म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र पदार्थ आणि ॲसिटोन भरून त्यात तो विरघळवायचा. तरीही सुरुवातीच्या काळात त्यांच्याच कारखान्यांत स्फोट झाले. पुढे याच दोघांनी आणखी भागीदार घेऊन १९०९ मध्ये इंडियानापोलिसचा प्रसिद्ध रेस ट्रॅक उभारला. म्हणजे त्या ट्रॅकमागे दिव्यांचा पैसाही होता.

वीज आली, पण पुरेना

विजेचा दिवा तोपर्यंत घराघरांत जाऊ लागला होता. मोटारीत अडचण बल्बची नव्हती, विजेच्या पुरवठ्याची होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीनं स्टार्टर, इग्निशन आणि दिवे हे एकाच यंत्रणेत बसवले. १९१३ मध्ये जर्मनीत बॉशनं हेडलॅम्प, जनरेटर आणि रेग्युलेटर असा पूर्ण संच बाजारात आणला. या दोन वर्षांत काडीपेटीची गरज संपायला लागली.

सगळ्यांची नाही. फोर्डच्या मॉडेल टीला १९१५ मध्ये विजेचे हेडलाइट आले, पण ते चालायचे इंजिनच्या मॅग्नेटोवर. इंजिन जोरात तर दिवे प्रखर, इंजिन हळू तर दिवे मंद. आता विचार करा, अंधारात खड्डा दिसला म्हणून तुम्ही वेग कमी करता आणि नेमका तेव्हाच उजेड जातो! बल्बला व्होल्टेज कमी मिळालं की काय होतं, हे लक्षात ठेवा. पुढे याच गोष्टीवर आपलं गणित उभं आहे.

डिपर कुठून आला

दिवे प्रखर झाले आणि नवीन भांडण सुरू झालं. मला रस्ता दिसायला हवा, पण त्याच उजेडानं समोरच्याला काहीच दिसत नाही. गाडीच्या दिव्यांचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे याच भांडणातल्या तडजोडी आहेत.

१९२० च्या दशकाच्या मध्यात ओसरामनं बिलक्स बल्ब आणला. एकाच काचेत दोन फिलामेंट. एक लांबचा, एक खाली वळलेला. आपण ज्याला अप्पर-डिपर म्हणतो त्याचा हा पूर्वज. आपल्याकडच्या ट्रकच्या मागे रंगवलेलं ‘यूज डिपर ॲट नाइट’ वाचताना या बल्बची आठवण काढायला हरकत नाही.

फ्रान्सनं वेगळी वाट धरली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे पिवळे हेडलाइट सक्तीचे झाले आणि १९९३ पर्यंत ते टिकले. अमेरिकेनं १९४० च्या मॉडेलांपासून सगळ्या गाड्यांना सात इंची गोल सील्ड बीम लावले. बल्ब, आरसा आणि काच एकत्र बंद. फायदा हा की आरसा काळा पडत नाही आणि कुठल्याही गावात बदली दिवा मिळतो. तोटा हा की नियमानं तंत्रज्ञान गोठलं. युरोपात १९६२ मध्ये मोटारीचा हॅलोजन दिवा आला, १९७१ मध्ये आज आपल्या ओळखीचा एच-फोर बल्ब आला. अमेरिकन माणूस मात्र जुन्या पिवळसर उजेडातच गाडी चालवत होता. हॅलोजन सील्ड बीमना तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस परवानगी मिळाली आणि बल्ब बदलता येणारे हेडलाइट कायद्यात बसायला १९८३ उजाडलं.

वाळवंटातली रात्र

ज्याला जास्त उजेड हवा, त्याच्याकडे एकच मार्ग उरला. गाडीचे दिवे तसेच ठेवायचे आणि वरून वेगळे लावायचे. याला मोठं निमित्त मिळालं मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियाच्या लांबलचक द्वीपकल्पात. १९६२ मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनियर हे दोघं होंडाच्या मोटरसायकलींवर तिहुआनाहून ला पाझला सुमारे ४० तासांत पोचले. मग १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकन १००० ही पहिली रीतसर शर्यत झाली, तीच पुढची बाहा १०००. विक विल्सन आणि टेड मँगेल्स यांनी ती मायर्स मँक्स बग्गीत २७ तास ३८ मिनिटांत जिंकली.

२७ तास म्हणजे मधे एक पूर्ण रात्र आली. रस्ता म्हणाल तर बहुतेक ठिकाणी दगड आणि धूळ, कारण त्या द्वीपकल्पाचा सलग पक्का हायवे १९७३ मध्ये पूर्ण झाला. समोर गाई, खाचखळगे, कोरड्या ओढ्यांचे घसारे, आणि रस्त्यावर दिवा एकही नाही. इथे लांब पल्ल्याचा दिवा ही चैन नव्हती.

आता साधा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ३६ मीटर. एकूण ६९. डिपरचा उपयोगी उजेड साधारण ५०-६० मीटर. म्हणजे डिपरवर ८० नं जाणारा माणूस, जे अजून दिसलेलं नाही त्याच्यावर भरवसा ठेवून गाडी हाकतोय. आणि दुप्पट लांब तेवढंच स्पष्ट दिसायला हवं असेल तर दिव्याची तीव्रता चौपट लागते, कारण उजेड अंतराच्या वर्गानं पातळ होत जातो.

केसी हायलाइट्स १९७० मध्ये सुरू झाली ती याच काळात, याच गिऱ्हाइकासाठी. बाहाच्या गाड्यांची नक्कल मग गावातल्या पिकअपवर आली. ‘द फॉल गाय’ या मालिकेतला जीएमसी पिकअप आणि मार्टीची टोयोटा हे त्या फॅशनचं शिखर. आणि ती पिवळी झाकणं? काचेला दगड लागू नये म्हणून ती असतातच. पण अमेरिकेतल्या काही राज्यांत सार्वजनिक रस्त्यावर असे दिवे झाकूनच ठेवावे लागतात. वाळवंटात काढायचं, रस्त्यावर लावायचं. म्हणजे त्या हसऱ्या चेहऱ्याच्या मागेही समोरच्याच्या डोळ्यांची काळजी आहे.

रिले: डाकेच्या घोड्यापासून माझ्या पोटापाण्यापर्यंत

आता माझ्या आवडीचा भाग. जादा दिवा लावायचा तर रिले लागतो. दुकानात मिळणारी ती काळी चौकोनी डबी.

रिले हा शब्द डाकेतला. दमलेला घोडा ठाण्यावर सोडायचा, ताजा घ्यायचा. आपल्याकडे डाकेचे हरकारे हेच करायचे, ठरलेल्या टप्प्यावर थैली पुढच्याच्या हाती. १८३० च्या दशकात जोसेफ हेन्री यांनी हीच युक्ती विजेला लावली. लांबून आलेला क्षीण करंट एका विद्युतचुंबकाला जेमतेम जागं करतो, तो चुंबक एक पट्टी ओढतो, आणि त्या पट्टीमुळे दुसऱ्या ताज्या बॅटरीचं सर्किट जोडलं जातं. तारयंत्र दूरवर गेलं ते या युक्तीमुळे.

१९३७ मध्ये एमआयटीत क्लॉड शॅनननं मास्टर्सचा प्रबंध लिहिला, वय २१. त्यानं दाखवलं की रिले आणि स्विचच्या जोडण्या म्हणजे तर्कशास्त्र आहे. दोन स्विच एकामागोमाग जोडले तर ‘आणि’. शेजारी-शेजारी जोडले तर ‘किंवा’. आम्ही दिवसभर कोडमध्ये जे ‘इफ’ लिहितो त्याचं मूळ इथं आहे. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू संगणकात एक पतंग सापडला आणि लोकांनी तो वहीत चिकटवून ठेवला, ती ‘बग’ची गोष्ट ठाऊक असेल. तो पतंग एका रिलेतच अडकला होता.

आता गाडीतला रिले. त्यावरचे आकडे जर्मन मानकातून आले. ३० म्हणजे थेट बॅटरी. ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी वायर. ८५ आणि ८६ म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं. दोन ५५ वॉटचे हॅलोजन १२ व्होल्टवर सुमारे ९.२ अँपिअर ओढतात. कॉइलला मात्र ०.१५ अँपिअरच्या आसपास पुरतो. म्हणून मोठा करंट जाड वायरनं बॅटरीपासून थेट दिव्याकडे जातो आणि डॅशबोर्डच्या नाजूक स्विचवर फक्त निरोप पाठवायचं काम राहतं.

रिले न लावता सगळा करंट स्विचमधून फिरवला तर काय होतं? एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सहा मीटर फिरून. विरोध सुमारे ०.१ ओहम. ९.२ अँपिअरला जवळपास एक व्होल्ट वायरीतच जिरला. तुम्ही म्हणाल, बारामधला एक गेला तर काय बिघडलं? फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. एक व्होल्ट गेला की पाव उजेड गेला. हीच मॉडेल टीची गोष्ट, नव्या कपड्यांत. आणि ती हरवलेली ऊर्जा कुठे जात नाही, वायर आणि स्विच तापवते. गाडी पेटते ती इथून.

पण रिलेचा खरा उपयोग मला दुसराच वाटतो. कॉइलला निरोप कुठून द्यायचा, हे तुमच्या हातात असतं. डॅशबोर्डचा स्विच आणि गाडीच्या अप्परची वायर एकामागोमाग जोडा. झालं शॅननचं ‘आणि’. स्विच चालू ‘आणि’ अप्पर चालू, तरच जादा दिवे लागणार. समोरून गाडी आली, तुम्ही सवयीनं डिपर मारला, की जादा दिवे आपोआप विझले. वेगळं बटण शोधायचं नाही. झोपेत असलात तरी समोरच्याचे डोळे वाचले. बाजारात मात्र हे दिवे पुष्कळदा थेट स्विचवर जोडून मिळतात. कारण एक वायर वाचते!

मामाची पिकअप

हे सगळं मी वाचायला घेतलं ते मामामुळे. मामा जुन्नर तालुक्यातून रात्री माल भरतो आणि माळशेज उतरून कल्याणच्या मार्केटला पहाटे पोचतो. पिकअप जुनी. गेल्या पावसाळ्याआधी त्याचा फोन आला.

“अरे, तो टपावरचा एलईडीचा लांब पट्टा येतो ना, तो ऑनलाइन बघ. घाटात काय दिसत नाही रे.”

मी विचारलं, “मामा, तुम्हाला लांबचं दिसत नाही, का जवळचं?”

“धुक्यात कसलं लांब अन् कसलं जवळ?”

निम्मं उत्तर त्यातच होतं. धुक्यात लांब पल्ल्याचा दिवा लावला की थेंबांवर आपटून तोच उजेड आपल्या डोळ्यांत परत येतो. दिवा जितका डोळ्यांच्या जवळ, म्हणजे जितका वर, तितका त्रास जास्त. टपावरचा पट्टा धुक्यासाठी सगळ्यात वाईट जागी बसतो. पिवळ्या रंगाचा फायदा लोक समजतात तेवढा नाही, कारण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात आणि रंगात फारसा भेद करत नाहीत. खरं काम करते ती दिव्याची जागा आणि उजेडाचा आकार. बंपरखाली, रुंद पसरणारा, वरच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखा. तोच फॉग लॅम्प.

दुसरी गोष्ट मल्टिमीटरनं सांगितली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट. हेडलाइटच्या होल्डरवर ११.८. वरचं गणित लावा, जवळपास ४० टक्के उजेड वाटेतच संपत होता. जुन्या वायरी, गंजलेली अर्थ, झिजलेला स्विच. नवा दिवा विकत घेण्याआधी गाडीतलाच हरवलेला दिवा परत आणायला हवा होता.

मग वायरमनसोबत बसून एवढं केलं. अप्परला एक, डिपरला एक असे दोन रिले. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वायर. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर फ्यूज. वायरमन म्हणाला, “दिव्याजवळ लावू की, बदलायला सोपा.” पण फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्ये वायर घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कुणी नाही. अर्थसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल कसलं. होल्डरवर आता १३.२ व्होल्ट येतात. बल्ब तेच, ६०/५५ वॉटचे. काचा पॉलिश केल्या. खाली फॉग लॅम्पची जोडी, त्यांना स्वतःचा रिले आणि फ्यूज. ते अप्परवर नाही, पार्किंगच्या वायरीवरून, कारण धुक्यात अप्पर लावायचाच नसतो.

घरी करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्ह बाजू तोडतो. तपासल्याशिवाय कॉइलची वायर जोडू नका. नव्या गाड्यांत दिवे कंट्रोल युनिटवर चालतात, तिथे वायर सोलून टॅप करणं तर नकोच.

शेवटचं काम दिव्यांचा रोख लावायचं, तेही माल भरून. पिकअपचे मागचे पाटे वजनानं दबतात आणि नाक वर जातं. एक अंश वर गेलं तर ५० मीटरवर उजेड ८७ सेंटिमीटर वर चढतो. रिकाम्या गाडीवर नीट लावलेला डिपर भरलेल्या गाडीवर थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

एलईडी आल्यावर

१९९३ मध्ये जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. त्यावर पिवळं फॉस्फर लावलं की पांढरा उजेड मिळतो. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच निळ्या एलईडीसाठी मिळालं. वाहनाच्या दृष्टीनं वरदानच. २० वॉटचे दोन दिवे ३.३ अँपिअरमध्ये. पण उजेड स्वस्त झाला आणि आकार देणारी काच महाग राहिली. म्हणून बाजारात वॉटचे आकडे मोठे, आणि उजेड कुठे थांबतो याचा पत्ता नाही.

घेताना काचेवरची खूण बघा. वर्तुळातलं ‘ई’ आणि शेजारी आकडा म्हणजे त्या देशात मंजूर झालेला दिवा, १ जर्मनी, २ फ्रान्स. ‘बी’ म्हणजे फॉग, ‘एचआर’ म्हणजे हॅलोजनचा लांब पल्ल्याचा. आणि आपल्याकडचा नियमही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १११ सांगतो की अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. त्यामुळे टपावरचा तो पट्टा मामाच्या यादीतून तसाही बाद होता. मामा सुरुवातीला थोडा नाराज झाला, “लोकांच्या गाड्यांना आहेत की.” पहिल्या धुक्यानंतर त्यानं विषय काढला नाही. फक्त मार्केटमधल्या आणखी दोघांचे नंबर पाठवले, त्यांच्याही होल्डरवर किती व्होल्ट येतात ते मोजायला.

तुमच्या घरी जुनी पिकअप, जीप, टेम्पो असेल तर या रविवारी एवढंच करा. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बॅटरीवरचं आणि होल्डरवरचं व्होल्टेज मोजा. दोन्ही आकडे मला कळवा, सोबत गाडी किती जुनी ते. पुढच्या भागात आपण हॉर्नचा इतिहास घेणार आहोत, आणि हो, तिथेही रिले आहेच. भेटू!